पंखा तर चालू होता

ता. ६, सोमवार

प्रिय ताई,

तीर्थरूप लिहिलं की तू चिडवतेस, म्हणून नुसतंच प्रिय. मी बरा आहे. खोली तीच, पार्टनर तेच, त्यांतला जो घोरतो तोही तोच. आईला सांग, जेवण वेळेवर होतं. आणि हेही सांग की अजून नोकरी सोडलेली नाही. मी कुठून कुठून पळालो ते ती शेजारी रंगवून सांगते, कळलंय मला. इथे मात्र टिकलोय. वायरमन काका शिडीवर, मी शिडीखाली. टेस्टर त्यांच्या हातात, शिव्या माझ्या वाट्याला. तू पाकिटावर भिंगरी लिहितेस ना, ते नाव आता अख्ख्या कारखान्यात झालंय. काका परवा म्हणाले, "भिंगरी, एका जागी उभा राहायला शिकलास तर तुला वायरमन करीन." मी म्हटलं, "काका, मग खांबच ठेवा की कामाला."

आमच्या कारखान्यातल्या नोकरीच्या टेस्टचं तुझं बोलावणं घरी पोचलं, वाचून आनंद झाला. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या बॅचला तुझं नाव आहे. ऑफिसातल्या क्लार्कने मला आधीच दाखवलं होतं, पण म्हटलं तुझ्याच तोंडून ऐकू. आप्पांचं वाक्यही तू लिहिलंयस, "ह्या वेळी लागली तर लागली, नाहीतर पुरे झालं शिकणं." ते तसंच बोलणार. घरात शाळेला एकच पोर जाणार असं ठरलं, तेव्हा ते पोर मी होतो. मग माझी शाळा मी सोडली, तुझी तुला सोडायला लावली होती. आता इतक्या वर्षांनी तू लेथवर लोखंड कातायला शिकायला गेलीस तर ते मध्ये पडले नाहीत, ह्याचंच मला नवल वाटत आलंय.

खरं तर मी वेगळंच लिहायला बसलो होतो. शनिवारी इथे एक प्रकार झाला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. काका म्हणतात, कुठे शॉक बसला काय रे? शॉक बसला तर निदान हात तरी झटकता येतो.

टेस्टच्या पहिल्या बॅचला एक मुलगी आली होती. इथल्याच एका प्रशिक्षण संस्थेतली, सगळ्या वर्गात पहिली आलेली. त्यामुळे आल्या आल्या तिचं नावच पडलं, पहिला नंबर. आमच्या फोरमनला तोफ म्हणतात, कारण तो कानातसुद्धा ओरडूनच बोलतो. त्याने तिला लोखंडाचा गोल तुकडा दिला आणि म्हणाला, ह्या मापाला कापून दाखव.

ताई, काय हात होता! तुकडा चकच्या जबड्यात बांधला, हाताने फिरवून बघितला, कुठे लचकतोय का ते बोट टेकवून तपासलं. टूलचं टोक बरोबर मध्यावर आणलं. तोफ चष्मा वर करून वाकून बघत होता. म्हातारा टर्नर मागून म्हणाला, "बघा रे गाढवांनो, टूल असं बांधायचं असतं." मला वाटलं, ही लागली. मला तुझीच आठवण आली. तूही अशीच बांधत असशील, जीभ दाताखाली धरून.

मग तोफ म्हणाला, "हं, कर चालू."

तिने बटणाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. हिरवं दाबलं. मशीन सुरू झालं आणि ती किंचाळली. साधी दचकली नाही, किंचाळली. मागे उडाली, पाठ कपाटावर आपटली, दोन्ही हात कानांवर. तिच्यासमोर तुकडा गरागरा फिरतोय आणि ती त्याच्याकडे असं बघतेय जणू तो आता अंगावर येणार. मेन स्विचजवळ मीच होतो. खटका खाली ओढला.

मशीन थांबलं. मग हसणं. एक जण म्हणाला, "का गं, घरी मिक्सर नाही लावत?" दुसरा म्हणाला, "पहिला नंबर कसला, आपला पहिला दिवस दिसतोय!" तोफ कागद फडफडवत ओरडत होता, म्हणत होता पुढच्या बॅचला एकही मुलगी नको, नावं काढा. क्लार्क त्याला समजावत होता की वरून आदेश आहे, बोलवावंच लागेल.

ती मात्र कुणाकडे बघत नव्हती. जवळ मीच उभा होतो म्हणून मलाच विचारलं. अगदी हळू.

"हे एवढं ओरडतं?"

तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय. मी कमी शिकलेला माणूस, पण एवढं मलाही कळतं. सायकलची चेन चढवता येते, पंक्चर काढता येतं, ब्रेक घट्ट करता येतो, आणि सायकल पुढे गेली की तोच माणूस घाबरतो? असं कसं होईल?

जाऊ दे. तुला एक सहज विचारतो. तुझ्या मनगटावर भाजल्याचे ठिपके आहेत का? इथल्या प्रत्येक टर्नरला असतात. मशीन चालतं तेव्हा लोखंडाचा कीस सुटतो, तो तापलेला असतो, उडून मनगटावर बसतो. म्हाताऱ्या टर्नरचे हात तर बघवत नाहीत. एखादा तरी ठिपका? बारीकसा? अगदी सहज विचारतोय.

लगेच उत्तर लिही. आणि हे पत्र आप्पांना वाचून दाखवताना शेवटचं गाळ.

तुझा,
अजून एका जागी असलेला
भिंगरी


ता. २१, मंगळवार

प्रिय ताई,

पत्र मिळालं. आईचा खोकला बरा आहे हे वाचून बरं वाटलं. माझाही घसा ठीक आहे, जेवण ठीक आहे, सगळं ठीक आहे.

तू लिहिलंस, "माझे हात लोण्यासारखे आहेत, एकही डाग नाही. तुला कुणाला माझे हात दाखवायचे आहेत का? तसं असेल तर आधी त्याचे हात मला पाठव." पार्टनरांना वाचून दाखवलं तर लोळून हसले. मी हसलो नाही. जे लिहायला पाच दिवस लागले, ते आता लिहितो. नीट बसून वाच.

गेल्या गुरुवारी काकांना आणि मला कारखान्याने बाहेर पाठवलं. एका प्रशिक्षण संस्थेतले दिवे जळत नव्हते आणि तिथे आमचा कारखाना मदत करतो. दारात गेलो तेव्हा कळलं, पहिला नंबर इथलीच.

मुलांची शेड जुनी, काळी, तेलकट. दुपारची वेळ, म्हणून कुलूप. शेजारी मुलींची नवी शेड. दारावर मोठी पाटी, मुलींसाठी स्वतंत्र कार्यशाळा. आत हिरवीगार मशीनं ओळीने, रंग असा की चेहरा दिसावा. भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. कुणी मोठे पाहुणे हिरवं बटण दाबताहेत, बाकीचे टाळ्या वाजवताहेत. जमीन इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर काढायला निघालो. काका म्हणाले, "देवळात आलायस का?" मला आधी कौतुकच वाटलं बघ. नंतर वाटलं, जमिनीवर कीस कसा नाही? तेलाचा एक थेंब कसा नाही?

मुली मशीनशी उभ्या होत्या. चक हाताने फिरवायच्या, टूल बांधायच्या, सोडायच्या, परत बांधायच्या. मी एकीला विचारलं, चालू का नाही करत? ती म्हणाली, "दुपारी मशीनचा लोड मिळत नाही ना, तेवढी वीज नसते. सकाळी मुलांना मिळतो." मी विचारलं, मग जॉबचे तुकडे कसे करता? "मास्तर पलीकडून कापून आणतात. आम्ही मापं घेतो, कानशीने घासतो. मास्तर म्हणतात हात बसू दे, मशीन काय, कारखान्यात गेल्यावर फिरेलच."

दिव्याची वायर शोधत मी भिंतीवरच्या पेटीशी आलो. काकांनी मेन बंद केला, मी पेटी उघडली. दिवे, पंखे, मशीनं, सगळं त्याच पेटीतून गेलेलं. मशीनांच्या ओळीतले चिनी मातीचे फ्यूज सगळे जागच्या जागी बसवलेले. एक ओढून काढला. आत तार नाही. दुसरा काढला. तार नाही. सगळे काढले.

तार जळून गेली असती तर काळं दिसलं असतं. फ्यूजमधून वीज एकदा जरी गेली तरी कुठेतरी डाग उरतो. हे बशीसारखे पांढरे. स्क्रूच्या खाचेत बनवतानाचा रंग तसाच, म्हणजे त्यात कधी पेचकस घातलेलाच नाही. ही मशीनं बंद पडलेली नव्हती, ताई. ती कधी सुरूच झाली नव्हती. मी वळून फोटोकडे बघितलं. त्या पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत मशीन फिरलं नाही हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही!

काकांनी दिव्याची जोडणी करून मेन लावला, पंखे परत फिरायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या मशीनांना फ्यूजच नाहीत."

एक म्हणाली, "लोड नाहीये म्हणून."

"लोड आहे," मी म्हटलं. "ह्याच पेटीतला आहे. पंखा चालू आहे, वर बघा."

सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. ते मला विसरता येणार नाही. हातात पाने, टूल, मापाच्या पट्ट्या, आणि सगळ्या पंख्याकडे बघताहेत. मग मागून एक जण म्हणाली, "म्हणजे आपण वर्षभर नुसता वारा खाल्ला."

कुणी हसलं नाही.

एवढ्यात मास्तर आले. मला वाटलं होतं कुणी खडूस माणूस असेल. तर पांढऱ्या केसांचे, आमच्यासाठी स्वतः चहा घेऊन आलेले. पेटी उघडी बघून कप तसाच हातात राहिला. मी विचारलं, "हे कुणी केलं?" म्हणाले, "मी." लपवलंसुद्धा नाही. म्हणाले, त्यांच्या हाताखाली एका मुलाचा हात मशीनमध्ये गेला होता. "मुलाचं एक बोट गेलं तरी तो काम करून खातो. पोरीचं गेलं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? आणि बहुतेकींचे वडील येऊन हेच सांगून जातात. शेड झाल्यापासून माझ्या एका पोरीच्या अंगावर ओरखडा नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी माझा अंगठा खिशात घातला. तोच, गॅरेजात कापला गेलेला, अर्धा.

मग कोपऱ्यातून कुणी उठलं. पहिला नंबर. टेस्ट हुकल्यावर ती परत इथेच येऊन बसत होती. म्हणाली, "मास्तर, तिथे मी ओरडले. सगळे हसले मला."

मास्तरांनी काय विचारावं? पटकन, काळजीने विचारलं, "लागलं तर नाही ना तुला?"

ती म्हणाली, "लागलं, मास्तर."

मास्तर स्टुलावर बसले. काका इतका वेळ शिडीवरून ऐकत होते. येताना मला बजावत होते की दिव्यांचं काम सांगितलंय, दिव्यांचं करून निघायचं. ते खाली उतरले, मेन परत बंद केला, खिशातून फ्यूजच्या तारेचं बंडल काढलं. मी म्हटलं, "काका, दिव्यांचंच काम ना?" तर म्हणाले, "पेटी दिव्यांचीच आहे. गप टॉर्च धर." एकाच मशीनचे फ्यूज भरले. मास्तरांकडे बघितलं. मास्तर नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. हिरवं बटण तिनेच दाबलं. खांदे दचकले तिचे. पाय हलले नाहीत.

ताई, आता ते. हे सगळं मी रंगवून लिहीत बसलो, कारण पुढचं लिहायचं टाळत होतो.

तू शिकायला लागलीस तेव्हाचं तुझं पत्र माझ्या पेटीत आहे. परत काढून वाचलं. त्यात लिहिलंयस, "मुलांची बॅच सकाळी घामाघूम होते. आमची मजा आहे. दुपारी मशीनचा लोड मिळत नाही, पण पंखा असतो, त्यामुळे गरम होत नाही." मी दिवसभर वायरींत हात घालणारा माणूस. हे वाक्य पार्टनरांना वाचून दाखवलं होतं, माझी बहीण बघा पंख्याखाली लेथ शिकते म्हणून. तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही. गाव वेगळं, माणसं वेगळी, आणि वाक्य शब्दाला शब्द तेच.

कदाचित तुमच्याकडे खरंच लोड नसेल. तसं असलं तर मला वाटेल तेवढ्या शिव्या घाल, आनंदाने खाईन. पण बघून घे. तू स्वतः पेटीत हात घालू नकोस, माझी शप्पथ आहे. मास्तरांना म्हण, वायरमन बोलवा आणि आमच्यासमोर पेटी उघडा. एकटी जाऊ नकोस, सगळ्या मिळून जा. एकटीला घरी पाठवतात, सगळ्यांना पाठवता येत नाही.

टेस्टला येऊ नकोस असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. नाही आलीस तर आप्पा घरी बसवतील, आणि अशीच आलीस तर त्या मशीनसमोर तुला उभी बघायची माझी छाती नाही. त्या दिवशीचं हसणं ऐकलंय मी. काय करायचं ते तूच सांग, मला काही सुचत नाही.

हात सांभाळ, हे लिहिणार होतो. तेही खोडलं.

तुझा,
भिंगरी


ता. १४, शुक्रवार

ताई,

नमस्कार-बिमस्कार नंतर. पाकीट फोडलं तर आधी कीसच खाली पडला. निळा, पिळलेला, झुलपासारखा. पार्टनर म्हणाला, हे काय, बहिणीने केस पाठवले का? मी म्हटलं, हात लावू नकोस, ती तुझ्या बापाची कमाई नाही, तिची आहे. आणि मग पत्र वाचायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं, कारण कीस निळा होतो तो तापल्यावरच. म्हणजे फिरलं!

तुमचे मास्तर इथल्या मास्तरांसारखे मऊ नव्हते हे वाचून एका परीने बरंच वाटलं. "कुणाच्या सांगण्यावरून आलात?" म्हणे. तू सांगितलंस, पंख्याच्या. शाब्बास! सगळ्या जणी हत्यारं खाली ठेवून व्हरांड्यात बसलात, वायरमन येईपर्यंत हलला नाहीत, हे मी काकांना दोनदा वाचून दाखवलं. पेटीतले फ्यूज पांढरे निघाले, तिथे मात्र पत्र काकांच्याच हातात दिलं. मला माहीतच होतं, तरी.

आणि बटण दाबल्यावर तू ओरडलीस. प्रामाणिकपणे लिहिलंयस, "मी तर पहिला नंबरपेक्षा मोठ्याने ओरडले, मग आम्ही सगळ्या ओरडलो, मग हसलो." बरं झालं. तिथेच ओरडून घेतलंस.

इथपर्यंत मी उभ्याने वाचत होतो. पुढचं वाचायला बसलो.

तू लिहिलंस, मनगटावर पहिला डाग आला. आईने घाईने गार पाण्याची फडकी बांधली. आप्पा जेवायला बसले होते, विचारलं कुठे भाजलीस. तू म्हणालीस, लेथवर. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं."

ताई, आप्पांना माहीत होतं. इथले मास्तर म्हणाले होते की वडील येऊन सांगून जातात, तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या वडिलांचा विचार केला. प्रत्येकाने दुसऱ्याच्याच वडिलांचा केला असेल. तू नाव घातलंस त्याच दिवशी ते मागून जाऊन हात जोडून आले, पोरीला हौस आहे, शिकू दे, पण फिरत्या मशीनपासून लांब ठेवा. ते मध्ये का पडले नाहीत ह्याचं मला नवल वाटत होतं. ह्यासाठी पडले नाहीत.

तू त्यांना विचारलंस, "मग टेस्टला मी काय केलं असतं?" आणि ते जे बोलले ते तू खाली रेघ मारून लिहिलंयस. "नापास झाली असतीस. घरी आली असतीस. अख्खी."

अख्खी. मी पत्र खिशात घातलं आणि कारखान्यात काकांच्या शिडीवर जाऊन बसलो. काका खालून ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं.

मला गॅरेजात सोडलं तेव्हा आप्पा मालकाला काय म्हणाले होते, ते मी तुला कधी सांगितलं नाही. मी शेजारीच उभा होतो. "मारा, झोडा, पण पोराला काम आलं पाहिजे." अंगठा गेला तेव्हा बघायला आले, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "कामात असं व्हायचंच." मला ते खरंच वाटलं होतं. आजवर वाटत होतं. एकाच घरातली दोन पोरं, ताई. मला तोडून शिकवलं, तुला न शिकवता अख्खं ठेवलं. ह्यात लाडका कोण, ते मला काही ठरवता येत नाही. आणि दोन्ही वेळेला बोलणारा माणूस एकच, हात जोडणारे हात तेच.

त्यांच्यावर ओरडू नकोस असं मी म्हणणार नाही. तुझं तू बघ. मी त्यांना वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं. "आप्पा" लिहिलं आणि पुढे काही येईना.

इथली बातमी. मी तोफेला सांगितलं. नोकरी गेली तर गेली, नाहीतरी मला सोडायची सवय आहे, असं म्हणून सांगितलं. पांढरे फ्यूज, पंखा, सगळं. पहिल्यांदाच न ओरडता म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी आम्ही कुणाला हसलो रे?" मी म्हटलं, ते तुम्हीच शोधा. आता असं ठरलंय की टेस्टच्या आधी प्रत्येकाने सकाळभर मशीन चालवून बघायचं. मुलगा असो, मुलगी असो. पहिला नंबरला परत बोलावलंय, तुझ्याच बॅचला. ती विचारत होती, तुझी ताई कशी आहे? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जोरात ओरडते.

तुझ्या हातात थोडेच दिवस आहेत. पुरतील की नाही, मला माहीत नाही. टेस्टमध्ये तुकडा वाकडा कापलास तर तुला काढतील, आणि काढावंच. पण फिरतं मशीन हाताळून नापास झालीस तर ते नापास होणं तरी तुझं असेल. आणि घरी बसायची वेळ आलीच तर इथे खोली बघून ठेवलीय, पहिला नंबर राहते तिच्या शेजारी. तिला विचारूनच बघितलीय.

म्हणून ये. एकटी ये, आप्पा सोडायला येतो म्हणाले तर त्यांनाही आण. मशीन चालू असताना त्यांना दारात उभं करू. बघू दे.

आणि एक. बसमधून उतरशील तेव्हा डाग दिसू नये म्हणून बाही खाली ओढशील, मी ओळखतो तुला. ओढू नकोस. लेथवर लांब बाही चालत नाही, मशीन ओढून घेतं, पहिल्याच दिवशी सांगतात. बाह्या कोपराच्या वर दुमडून ये.

वाट बघत एका जागी उभा आहे.

तुझा,
अर्ध्या अंगठ्याचा
भिंगरी